एक्का, कळी आणि नकार

मुंबईहून गोव्याला निघालेल्या माणसाला इन्सुली भेटते ती घाटातल्या वळणांवर, नाहीतर तपासणी नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगेत. सावंतवाडी मागे पडलेली असते, बांदा यायचा असतो, आणि गाडीतली मंडळी मनाने केव्हाच समुद्रात उतरलेली असतात. सौंदर्य शोधायला म्हणून या गावात कुणी थांबत नाही. थांबावं असं कुठल्या पाटीवर लिहिलेलंही नाही.

पण कार्तिकात तुळशीचं लग्न तोंडावर आलं की रस्त्याच्या दोन्ही हातांच्या चिरेबंदी घरांतून एक वाद कानावर येतो. खळं चोपून सारवून झालेलं असतं, पावसाने काळवंडलेलं वृंदावन खरवडून ठेवलेलं असतं. आता रंग कोणता द्यायचा? घरचा माणूस बाजारातून डबा घेऊन येतो. "ह्यो रंग नको, पाटयेसारखो दिसता," एवढंच उत्तर घरातल्या बाईकडून मिळतं आणि डबा दुकानात परत जातो. हा हिरवा का नको आणि तो का हवा, हे ती बाई सांगत बसत नाही. कारण विचारलं तर हसून कामाला लागेल. पण शेजारच्या दहा घरांत तिची तुळस तिची म्हणून ओळखता येते.

कलावंत बाईची मुलाखत घेताना तिला हमखास विचारतात, तुमच्या मते सौंदर्य म्हणजे काय? पुरुष चित्रकाराच्या वाट्याला हा प्रश्न सहसा येत नाही. त्याला रेषेबद्दल, गुरूंबद्दल, बाजाराबद्दल विचारतात. बाईने मात्र सौंदर्याची व्याख्या द्यावी, आणि जमल्यास कपाटातल्या साड्याही दाखवाव्यात. मग उत्तरंही साच्यातली येतात: साधेपणा, निसर्ग, आतलं तेज. मला ती कधी पटली नाहीत. इन्सुलीच्या अलीकडे-पलीकडे, सावंतवाडीपासून गोव्यातल्या फोंड्यापर्यंतच्या पट्ट्यात, ज्या बायकांनी हाताने किंवा गळ्याने काही घडवलं त्यांनी सौंदर्यावर फारसं प्रवचन केलेलं नाही. त्यांनी काय उचललं आणि काय बाजूला सारलं, एवढं मात्र स्पष्ट दिसतं. आवड शोधायची तर या बाजूला सारलेल्या ढिगात शोधावी, असं माझं मत होत गेलं.

जत्रांचा हंगामही याच दिवसांत सुरू होतो. तळकोकणात गावोगावच्या देवळांपुढे रात्रभर दशावतार रंगतो. संहिता लिहिलेली नसते, संवाद पात्रं उभ्या उभ्या रचतात, आणि परंपरेने सगळ्या भूमिका पुरुषच करतात. नऊवारी नेसलेली, अंबाड्यात वेणी माळलेली, डोळे खाली घालून बोलणारी द्रौपदी किंवा तारामती दिवसा शेतात राबलेला एखादा गडी असतो. स्वतःची रंगपेटी उघडून, आरशासमोर बसून, भुवई तोच कोरतो, कपाळावरची चिरीही तोच ओढतो. म्हणजे या गावांत पिढ्यान्‌पिढ्या 'देखणी बाई' कशी असते हे रंगमंचावर पुरुषाच्या हाताने ठरत आलं आहे.

समोर चटया टाकून बसलेल्या बायका हे मुकाट्याने बघत असतील असं कुणाला वाटत असेल तर त्याने एक रात्र त्यांच्या मागे बसावं. पदर किती लांब सोडलाय, चालीत लचक जास्त झाली का, रडताना डोळ्याला पदर कुठल्या हाताने लावला, सगळ्याचा हिशेब होतो. स्त्री पार्ट करणाऱ्या नटाची कीर्ती पंचक्रोशीत पसरते ती या चटईवरून. गावातल्या बाईला रूप घडवायला मिळालं नाही तेव्हा ती रूपाची परीक्षक झाली, आणि परीक्षक म्हणून ती कठोर आहे. अलीकडे बायकांचीही दशावतारी पथकं उभी राहिली आहेत. तिथे मला एक कुतूहल असतं: द्रौपदी करणारी बाई स्वतःच्या चालीने चालते, की पुरुषांनी शंभर वर्षं घोटून बसवलेल्या बाईच्या चालीने? दोन्ही बघायला मिळतं. कधी कधी एकाच प्रवेशात.

दशावतार इथे आणखी एका रूपात नांदतो: हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या गोल पत्त्यांवर. सावंतवाडीचा गंजिफा. दशावतारी गंजिफात दहा रंग, म्हणजे दहा अवतार. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, असे बारा पत्ते. एकूण १२०. मोगल गंजिफाचे आठ रंग आणि ९६ पत्ते, नवग्रहांचे १०८. हा खेळ मोगलांबरोबर आला, पण मत्स्य-कूर्माच्या गोतावळ्यात शिरला तो पुरता इथलाच होऊन गेला. खेळण्याची रीतही मजेदार आहे. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा धरणारा सुरुवात करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. एकाच डावात दोन उलट्या उतरंडी डोक्यात ठेवून खेळायचं, तेही १२० पत्त्यांत. पूर्वीची माणसं याला करमणूक म्हणत.

पत्ता तयार करायचा तर कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, गोल कापायचा, रंगवायचा आणि पाठीला लाख चढवायची. प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची. या कलेत दोन ढंग मानतात, दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी पत्त्याला नक्षीदार किनार, बारीक काम, दागिन्यांची उधळण. बाजारच्या पत्त्याला किनार नाही, चार फटकाऱ्यांत मासा, दोन फटकाऱ्यांत परशू. संग्रहालयं आणि श्रीमंत गिऱ्हाइकं दरबारी पत्त्यावर भाळतात. मला बाजार कलम जास्त आवडतं हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना वाचकाला माझा कल ठाऊक असेल.

सावंतवाडीत ही कला अठराव्या शतकाच्या सुमारास रुजली असं मानतात. मोती तलावाकाठचा आजचा राजवाडाही त्याच काळातला, १७५५ ते १८०३ असं दीर्घ राज्य केलेल्या तिसऱ्या खेम सावंतांच्या वेळचा. विसाव्या शतकाच्या मध्यावर संस्थानं गेली, छापील इंग्रजी पत्ते घराघरांत पोचले, आणि गंजिफा रंगवणारा हात जवळजवळ एकच उरला. वृद्ध पुंडलिक चितारी.

इथे कथेत येतात सत्त्वशीलादेवी भोसले. बडोद्याच्या गायकवाडांच्या घरातून त्या शिवरामराजे भोसल्यांच्या राणी म्हणून सावंतवाडीला आल्या. बडोदं म्हणजे काय ते आठवायला हवं. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या भिंतींवर राजा रविवर्म्याची तैलचित्रं, सयाजीरावांनी १८९०मध्ये काढलेलं कलाभवन, आणि १९५०मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात सुरू झालेली ललित कला शाखा. त्या घरात वाढलेल्या मुलीची नजर कशावर पोसली असेल? छायाप्रकाशाने उठावदार झालेले दंड, जरीचा प्रत्येक धागा दिसणारी साडी, खरी वाटणारी कातडी. अशी नजर घेऊन त्या आल्या आणि त्यांच्यापुढे आले सपाट, एका बाजूने रंगवलेले, ना छाया ना खोली असलेले राम-कृष्ण, तळहाताएवढ्या वर्तुळात कोंबलेले. दुसऱ्या एखाद्या राणीने ते लोककला म्हणून कौतुकाने विकत घेतले असते, दिवाणखान्यात चौकटीत लावले असते, आणि चिताऱ्याला मानाचा नारळ देऊन मोकळी झाली असती.

सत्त्वशीलादेवी त्याच्याकडे शिकायला बसल्या. पुंडलिक चिताऱ्यांकडून त्यांनी स्वतः ब्रश हातात घेऊन काम शिकून घेतलं, इतरांना शिकवलं जाईल अशी सोय केली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच सावंतवाडी लॅकरवेअर्स या नावाने कारखाना उभा राहिला. दरबार सभागृहात कारागीर मांडी घालून बसलेले आणि समोर रंगांच्या वाट्या, हे दृश्य पुढे वर्षानुवर्षं पर्यटकांनी पाहिलं. त्या कारागिरांत बायकाही असत. एका कारागिराने राणीला शिकवणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आज आपण तिला 'कलेला राजाश्रय' असं ठरावीक नाव देतो, आणि त्यात आश्रय कोण कुणाला देत होतं हे नेमकं निसटतं.

रविवर्म्याच्या चित्रांच्या घरातून आलेल्या बाईने गंजिफाला 'सुधारलं' नाही, हा मला त्यांच्या रुचीचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. सोपं होतं ते. चेहरे थोडे समोरून काढा, सावली टाका, सीतेला जरा डोळे द्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सगळा देश देवांना तेच करत होता. कॅलेंडरांवरचे देव तसेच झाले. सावंतवाडीचे देव सपाट राहिले.

गंजिफातलं अवघड काम कोणतं, हे पत्ता हातात घेतल्यावर कळतं. बघणाऱ्याचा डोळा राजाच्या पत्त्यावर जातो: सिंहासन, चवऱ्या, हत्ती-घोडे. पण राजे दहा आणि प्रधान दहा. उरलेले शंभर पत्ते आकड्यांचे. वर्तुळात सात मासे बसवायचे. चौकोनात सात बसवणं सोपं, वर्तुळात ते एकमेकांच्या शेपटीवर येतात, नाहीतर मधे उगाच मोकळी जागा राहते. मोकळी राहिली की हात शिवशिवतो: इथे एक फूल टाकू का? एक पान? जी रंगवणारी फूल टाकत नाही, तिचा पत्ता चांगला. एक्क्यात हा मोह सर्वांत मोठा असतो. अख्ख्या वर्तुळात एकच कासव, भोवती रिकामी जमीन. ती रिकामी ठेवायला धाडस लागतं.

कारखाना चालवताना सत्त्वशीलादेवींनी गंजिफाची चित्रं पत्त्यांवरून उचलून पेट्यांवर, तबकांवर, बुद्धिबळाच्या पटांवर, मेज-खुर्च्यांवर आणली. त्यामुळे चूल पेटत राहिली हे खरं. गंजिफा खेळणारेच उरले नव्हते, मग १२० पत्त्यांचा जोड विकत कोण घेणार? पण इथे माझ्या मनात एक किंतु राहतो. चहाचा पेला ठेवायच्या चकतीवर वामनावतार यावा, हे मला अजून पचलेलं नाही. ज्या वस्तूचा अर्थ डावात होता, चढ-उतारात होता, ती आता केवळ दिसण्यापुरती उरली. १९८२मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने रुडॉल्फ फॉन लायडन यांच्या अभ्यासाला धरून भारतीय गंजिफाचं प्रदर्शन भरवलं. मुंबईत राहून भारतीय चित्रकलेवर लिहिणाऱ्या या कलासमीक्षकाने पत्त्यांच्या जोडांचा जन्मभर ध्यास घेतला होता. जगाने गंजिफाला कला म्हणून मान दिला तेव्हा सावंतवाडीतल्या किती घरांत तो खेळला जात होता, असा प्रश्न विचारायला कुणाला सवड नव्हती. राजमाता सत्त्वशीलादेवींनी जे वाचवता आलं ते वाचवलं. २०१८मध्ये त्या गेल्या, तरी वाड्यातलं काम थांबलं नाही. सून शुभदादेवी आणि पुढच्या पिढीतल्या श्रद्धाराणी यांनी ते चालू ठेवलं, आणि वाड्याच्या एका भागातल्या हॉटेलात पाहुण्यांच्या खोल्याही गंजिफाच्या अवतारांनी सजल्या.

आता गळ्याकडे वळू. इन्सुलीहून बांदा ओलांडला की पत्रादेवीला गोवा लागतो, आणि फोंडा तालुक्यात केरी नावाचं गाव आहे. १८९२मध्ये तिथे गायिका केसरबाई केरकर जन्मल्या. त्यांच्या सुरुवातीच्या गुरूंपैकी एक, रामकृष्णबुवा वझे, सावंतवाडी संस्थानातलेच. पुढे भास्करबुवा बखले, आणि १९२१पासून खाँसाहेब अल्लादिया खाँ, त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६पर्यंत. पंचवीस वर्षांची तालीम. ती सुरू झाली तेव्हा केसरबाई एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि बऱ्यापैकी गाऊ लागलेल्या होत्या. तयार झालेला गळा पुन्हा पायापासून घडवायला बसायचं, हाच मुळात एक निवाडा होता. आजवर जे जमलं ते पुरेसं सुंदर नाही, असं त्यांनी स्वतःच्याच गाण्याबद्दल ठरवलं.

केसरबाईंचे नकार गाजले. आकाशवाणीवर गाणं त्यांनी बंद केलं. ध्वनिमुद्रिका मोजक्या दिल्या. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मावणारं गाणं आपलं नव्हे, आणि ज्या घरात रेडिओ लावून ठेवून माणसं जेवतात त्या घरात आपला सूर जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती असं त्या काळची मंडळी सांगत. त्यांच्या उंची साड्या, मोत्यांचे दागिने, मैफलीतला करारी वावर यांच्या गोष्टी सांगताना लोक अजून रंगतात. एखादी देखणी, मानी बाई म्हणून ते सगळं वर्णन होतं. मला वाटतं साडी आणि रेडिओ हा एकच विषय आहे. कलावंतीण म्हणून जन्मलेल्या मुलीला कोणी कुठे, किती वेळ, कशासाठी ऐकावं हे इतरांनी ठरवायचं, असा शतकांचा प्रघात होता. केसरबाईंनी ते ठरवणं स्वतःकडे घेतलं. त्या रुचीत अहंकारही होता. का नसावा?

त्याच मोजक्या तबकड्यांतली भैरवीतली 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची चीज १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने ती सुचवली होती. २० ऑगस्टला एक यान सुटलं, ५ सप्टेंबरला दुसरं, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. तबकडीत आपलं गाणं मावत नाही म्हणणाऱ्या बाईची तबकडीच सूर्यमालेबाहेर गेली, याची गंमत वाटते. पण ती चीज ऐकल्यावर साडेतीन मिनिटांतही त्या किती कमी घाई करतात हेच लक्षात राहतं.

मोगूबाई कुर्डीकरांची जात वेगळी. १९०४मध्ये गोव्यातल्याच कुर्डीत जन्म, लहानपणी आई त्यांना नाटक कंपनीत घेऊन गेली, आणि दहाव्या वर्षाच्या आसपास आईच गेली. सांगलीत रियाज करताना अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर त्यांचा आवाज पडला. गंडा बांधायला मात्र १९३४ उजाडावं लागलं, मधे शिकण्यात खंड, हेवेदावे, पैशांची ओढाताण सगळं झालं. मोगूबाईंच्या गाण्यात केसरबाईंचा झोत नाही. तिथे लयीचा काटा आहे: ताल एवढा अंगात मुरलेला की तो मोजला जातोय हे कळूही नये. सौंदर्य दाखवायचं नाही, ते निसटून दिसलं तर दिसू द्यायचं, अशी ती वृत्ती. त्यांच्या राहण्यातही तेच होतं.

आणि त्यांची मुलगी किशोरी आमोणकर. आईची शिकवण्याची पद्धत अशी की एखादी जागा दोन-तीनदा गाऊन दाखवायची, तेवढ्यात उचल. १९६४च्या 'गीत गाया पत्थरों ने' या चित्रपटासाठी किशोरीताई गायल्या तेव्हा आई कडाडली होती, की सिनेमात गायचं असेल तर माझ्या तंबोऱ्याला हात लावू नकोस. ही आठवण किशोरीताईंनीच पुढे सांगितली आहे. आईचा तो नकार मुलीने बराच काळ पाळला आणि मग स्वतःचा एक नकार त्यावर रचला: घराण्याच्या चौकटीलाच. अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची लयीशी घट्ट बांधलेली आलापी त्यांनी सैल केली, सुरावर जास्त वेळ थांबल्या, रागाचा भाव शोधत राहिल्या. जुन्या जाणत्यांना ते रुचलं नाही. 'स्वरार्थरमणी' या ग्रंथात त्यांनी आपला विचार मांडला, पण तो न वाचताही त्यांचा भूप ऐकणाऱ्याला कळतो. मैफलीत कुणी मधेच उठलं, कुजबुजलं की त्या थांबत, बोलत, कधी रागावत. त्याला लोक लहरीपणा म्हणत. तो शब्द पुरुष गायकाला चिकटला की 'कलंदर' होतो, हे जाता जाता नोंदवतो.

एकाच गुरूचं गाणं, एकाच मातीतल्या तीन बायका, आणि तिघींची रुची एकमेकींना न पटणारी. सौंदर्याची 'स्त्रियांची' अशी एक व्याख्या काढू पाहणाऱ्यांनी या तिघींना एका खोलीत बसवायची कल्पना करून बघावी.

नाव नसलेल्या बायकांकडे येताना मला सुरंगीपासून सुरुवात करावीशी वाटते. वेंगुर्ले तालुक्यात आसोली, आरवली या बाजूला सुरंगीची मोठाली झाडं आहेत. माघ-फाल्गुनात खोडाला, फांद्यांना बिलगून कळ्यांचे घोस येतात. त्या कळ्या वेचायच्या पहाटे, उमलायच्या आत. ऊन चढलं, कळी उमलली, की तिचा भाव पडला. व्यापारी सुकवलेल्या कळ्या वजनावर घेतात, अत्तराच्या धंद्यासाठी त्या बाहेर जातात. उरलेल्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, होऊन वेंगुर्ले, सावंतवाडीच्या बाजारात येतात, आणि टोपलीपाशी पोचायच्या आधीच वासाने माणसाला कळतं की बाजारात सुरंगी आलीय.

दिसायला सुरंगी काहीच नाही. पिवळसर, तपकिरी, बोंडाएवढ्या कळ्या. शेजारी आबोलीची टोपली असते: लांबून डोळे ओढणारा केशरी रंग, आणि वास अजिबात नाही. बाजारात उभं राहून बघितलं तर या दोन टोपल्यांपुढे बायकांचे दोन पंथ दिसतात. आबोलीवाली आरशात बघून माळते. सुरंगीवालीला आरसा लागत नाही. कितीतरी जणी सुकलेला वळेसरही टाकत नाहीत, कारण वास राहतो. शहरातल्या फुलवाल्याकडे सुरंगी मिळत नाही याचं कारण मला यातच दिसतं. तिथे फुलाने आधी फोटोत चांगलं दिसावं लागतं.

वळेसर करणाऱ्या बाईचा हात बघण्यासारखा असतो. शंभर कळ्यांतून ती चार बाजूला टाकते, तुम्हाला त्या चारांत आणि बाकीच्यांत फरक दिसत नाही. एखादी जरा फुटू लागलेली असते, एखादीचा देठ आखूड. गिऱ्हाईक घासाघीस करत असतं, "घे गो बाय, वास बघ" चाललेलं असतं, आणि बोलता बोलता बोटं निवाडा देत असतात. व्यापाऱ्याचा काटा या निवाड्याचे पैसे देत नाही. काट्यावर चांगली कळी आणि साधारण कळी सारख्याच भरतात. तरी ती चार बाजूला टाकते.

शेवटी सावंतवाडीतली चितारआळी. रंगीत लाकडी फळांच्या परड्या दुकानांपुढे मांडलेल्या असतात: केळी, सीताफळ, काजूचं बोंड, चिरलेलं कलिंगड. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड कातून आकार द्यायचा, मग रंग. जुन्या लाखकामात झळाळी आणायला केवड्याचं पान फिरवीत. लग्नाच्या रुखवतातले पाट, चौरंग, भातुकली, देव्हारे हाही इथलाच माल. लाकूड कातणं बहुधा पुरुषांकडे, रंगकाम मोठ्या प्रमाणात घरातल्या बायकांकडे. लाकडी आंबे सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात, पण चार आंबे शेजारी ठेवा. देठाजवळची लाली कुणी एका बाजूला ओढलीय, कुणी सगळीकडून सारखी फिरवलीय. झाडावरचा आंबा उन्हाच्या बाजूनेच लाल होतो. ज्या बाईने लाली एका बाजूला ओढली तिने आंबा नीट पाहिलेला आहे.

१८८०च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये सावंतवाडीच्या कारागिरीची नोंद आहे. वाळ्याचे पंखे, पेट्या, त्यांवर बीटल किड्यांच्या हिरव्या चमकत्या पंखांची आणि जरीची सजावट, याचं साहेबाने कौतुक केलं आहे. वस्तूंची नावं आहेत. कुणी केल्या ते नाही. एकशे चाळीसहून जास्त वर्षं झाली. राजमातांचं नाव आपल्याला माहीत आहे, पुंडलिक चिताऱ्यांचं कसंबसं टिकलं, केसरबाईंच्या नावाने केरीत शाळा आहे आणि गोव्यात महोत्सव होतो. आळीतल्या रंगीत आंब्याच्या बुडाशी मात्र फार तर दुकानाचा शिक्का सापडेल.

यावर उपाय अवघड नाही, आणि त्याला सरकारी योजनाही लागत नाही. पैठणीवर विणकराचं नाव लावायला काही दुकानदारांनी सुरुवात केली आहे, तसं इथेही करता येईल. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाताना सावंतवाडीत गाडी थांबवणारे पुष्कळ असतात. परडीतला आंबा उचलताना दुकानदाराला विचारा, रंग कोणी दिला? बहुतेक वेळा ती आतल्या खोलीतच बसलेली असते. तिला बाहेर बोलवायला सांगा, आणि तिने बाजूला टाकलेले आंबेही बघायला मागा.